मिररलेस घेताय? आधी लेन्स ठरवा!

कॅमेऱ्याची बॉडी निवडण्याआधी स्वतःला विचारा, आपण फोटो कशाचे काढणार?

समजा, संध्याकाळी साकीनाका मेट्रो स्टेशनखालची गर्दी टिपायचीय. चालती माणसं स्पष्ट यायला शटर निदान १/१२५ सेकंद हवं. स्टॅबिलायझेशन फक्त आपल्या हाताची थरथर सावरतं. मग उजेड आणायचा कुठून? गणित करा: (५.६ ÷ १.८)² = ९.७. म्हणजे झूम केलेल्या किट लेन्सच्या एफ/५.६ पेक्षा एफ/१.८ लेन्स जवळजवळ दहापट उजेड घेते. एपीएस-सीऐवजी महागडा फुल फ्रेम घेतला, तर सेन्सरचं क्षेत्रफळ वाढतं जेमतेम सव्वादोन पट!

म्हणून रस्त्यावरच्या फोटोंसाठी साधी एपीएस-सी बॉडी आणि ३५ मिमी एफ/१.८ लेन्स. पवई तलावावरचे पक्षी टिपायचे, तर मायक्रो फोर थर्ड्स. त्यावर ३०० मिमी लेन्स ६०० मिमीइतकं जवळचं दाखवते. बॉडी सेकंडहँड चालेल, पण लेन्समध्ये काटकसर नको.