शस्त्रक्रिया आणि औषधांची संख्या

४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. दुर्ग जिल्ह्यातील या नव्या नगरीत देशाच्या सर्व भागांतून तरुण कामगार आले; त्यांत मराठी कुटुंबेही होती. त्या पिढीतील जे हयात आहेत त्यांचे वय आज ऐंशीच्या पुढे आहे, आणि त्यांच्या मागून कामावर आलेले अनेकजणही निवृत्त झाले आहेत. वाढत्या वयाबरोबर व्याधी वाढतात आणि व्याधींबरोबर औषधेही वाढतात. अशा माणसावर शस्त्रक्रिया करण्याचा प्रसंग आला, म्हणजे तो किती औषधे घेतो हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो.

अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या एका वृद्ध गृहस्थाची कल्पना करू. रक्तदाबासाठी दोन गोळ्या, त्यांपैकी एक मूत्रल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, हृदयासाठी ॲस्पिरिन, गुडघेदुखीसाठी एक वेदनाशामक, आणि वैद्यांनी दिलेले ज्येष्ठमधाचे चूर्ण, अशी त्यांची सहा औषधे आहेत. रुग्णालयात त्यांत भुलीचे औषध, स्नायू शिथिल करणारे औषध, प्रतिजैविक आणि रक्त गोठू नये म्हणून हेपारिन अशा चारांची भर पडते. सहा औषधांच्या परस्पर जोड्या पंधरा होतात. दहा औषधांच्या मात्र पंचेचाळीस होतात. औषधे दुपटीहूनही कमी वाढली, पण जोड्या तिप्पट झाल्या! यांतील प्रत्येक जोडी घातक असते असे मुळीच नाही. परंतु कोणती घातक आहे हे पाहण्याचे काम तेवढ्याच प्रमाणात वाढते.

काही औषधे शस्त्रक्रियेपूर्वी थांबवितात. पण गोळी थांबली म्हणजे तिचा अंमल थांबला असे होत नाही. ॲस्पिरिन रक्तातील पट्टिकांना कायमचे निकामी करते. पट्टिकेचे आयुष्य सुमारे सात ते दहा दिवसांचे असल्यामुळे, नव्या पट्टिका तयार होईपर्यंत रक्तस्रावाचे भय उरते. त्यावर हेपारिन आणि वेदनाशामक यांची भर पडली तर ते भय वाढते. रक्तदाबाची काही औषधे भुलीच्या वेळी दाब अतिशय खाली आणतात; शिवाय त्यांच्या जोडीला मूत्रल व वेदनाशामक असल्यास मूत्रपिंडावर ताण येतो. निरुपद्रवी समजले जाणारे ज्येष्ठमधही अधिक प्रमाणात घेतल्यास शरीरातील पोटॅशियम कमी करते. मूत्रल औषधही अनेकदा तेच करते, आणि पोटॅशियम फार घटले की हृदयाची लय बिघडू शकते.

मग शस्त्रक्रियेपूर्वी सर्वच औषधे बंद करावीत काय? तसे करणे तितकेच धोक्याचे आहे. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाच्या अधिवृक्क ग्रंथी मंदावलेल्या असतात. औषध एकाएकी थांबविल्यास शस्त्रक्रियेचा ताण त्यांना पेलत नाही आणि रक्तदाब कोसळू शकतो. हृदयाची गती कमी करणारी काही औषधे अचानक सोडल्यास छातीत कळा येण्याचा संभव असतो. हृदयाच्या रोहिणीत जाळी बसविलेल्या रुग्णाने स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन सोडणे प्राणावर बेतू शकते. यास्तव कोणते औषध चालू ठेवावे, कोणते किती दिवस आधी थांबवावे आणि पुन्हा केव्हा सुरू करावे, हा निर्णय शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ यांचाच आहे.

परंतु त्यांना निर्णय करता येतो तो माहितीच्या आधारे. रुग्ण ‘दोन-तीन गोळ्या घेतो’ एवढेच सांगतो. चूर्णाला तो औषधच मानीत नाही. दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या नावांनी दिलेले औषध मुळात एकच आहे, हेही त्याच्या ध्यानी येत नाही. पाच किंवा अधिक औषधे नियमित घेण्याला सामान्यतः ‘बहुऔषधसेवन’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांपासून होणारी हानी टाळण्यासाठी जी मोहीम आरंभिली, तिच्या प्रमुख विषयांत याचाही समावेश आहे.

उपाय साधा आहे. घरातील शिकलेल्या मुलाने वा मुलीने आजोबांच्या सर्व औषधांची नावे, मात्रा आणि वेळा एका कागदावर लिहाव्यात. त्यांत काढे, चूर्णे व दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्याही असाव्यात. पूर्वी एखादे औषध बाधले असल्यास तेही नमूद करावे. रुग्णालयात जाताना हा कागद व औषधांची वेष्टने बरोबर न्यावीत, आणि घरी परतताना कोणते औषध पुन्हा सुरू करावयाचे हे विचारून त्याच कागदावर टिपून घ्यावे. कुशल हातांनी केलेली शस्त्रक्रिया यशस्वी होण्यास असा एक कागदही साहाय्यभूत होतो.