निवृत्तीनंतर मूल्यं संपतात का?

प्रश्न : बँकेतून निवृत्त होऊन वर्ष झालं. आता कशातच अर्थ वाटत नाही. माझी मूल्यंच संपली का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही, मुळीच नाही. संपली ती नोकरी. ध्येयं पूर्ण होतात. मूल्यं म्हणजे वागण्याची दिशा, ती कधी निवृत्त होत नाही. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांच्या उपचारपद्धतीत या फरकाला फार महत्त्व आहे. काउंटरवर खरं समाधान कशात मिळायचं, ते आठवून लिहा : चोख हिशेबात, की अडलेल्या पेन्शनरला फॉर्म भरून देण्यात? मदतीत असेल, तर या आठवड्यात शेजारच्या आजींना हयातीच्या दाखल्यासाठी सोबत करा. लोक काय म्हणतील म्हणून मात्र काही निवडू नका. उदासी, झोपमोड दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.