उलटे गहाण

द्वितीय वर्ष, कला

'गहाण' हा शब्द आमच्या घरी हळू आवाजातच उच्चारला जातो. आत्याच्या लग्नासाठी आजोबांनी दीड एकर गहाण टाकले आणि ते सोडवता सोडवता वडिलांची शाळा सुटली. त्यामुळे अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर 'उलटे गहाण' असे लिहिले तेव्हा मी दचकलोच.

शिक्षणासाठी मी शहरात एका वृद्ध जोडप्याकडे खोली घेऊन राहतो. घरमालक अण्णा बहात्तर वर्षांचे, खासगी कारखान्यातून निवृत्त झालेले. पेन्शन तुटपुंजी. माझे भाडे आजींच्या औषधांत जाते. घर मात्र अण्णांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेले. सरांचे ऐकून आलो त्या रात्री मी विषय काढला, तेव्हा अण्णा म्हणाले, "घर न विकता घरातून पैसा निघतो? बघ बरं नीट वाचून."

मग मी वाचले. 2007-08 च्या अर्थसंकल्पात ही योजना जाहीर झाली आणि राष्ट्रीय आवास बँकेने तिचे नियम ठरवले. नेहमीच्या गृहकर्जात आपण बँकेला हप्ता देतो. येथे बँक आपल्याला देते. अर्जदाराचे वय साठ पूर्ण हवे. घर स्वकष्टार्जित, निर्वेध मालकीचे आणि स्वतः राहते हवे. वडिलोपार्जित घर चालत नाही, म्हणजे आमच्या गावातली बहुतेक घरे येथेच बाद!

हिशेब मी स्वतः मांडला. समजा, व्याजासह वीस लाखांपर्यंत कर्ज मंजूर झाले, मुदत 15 वर्षे, व्याज दहा टक्के. तर दरमहा हाती सुमारे 4,825 रुपये येतात. पंधरा वर्षांत मिळतात पावणेनऊ लाखांच्या आत. उरलेले सव्वाअकरा लाख व्याजच! आकडा पाहून मला सावकार आठवला. पण फरक आहे. मुदत संपली की हप्ता थांबतो, तरी नवरा-बायकोपैकी शेवटचे माणूस हयात असेपर्यंत घर सोडावे लागत नाही. व्याज मात्र चढत राहते. पुढे वारसांनी कर्ज फेडले तर घर त्यांचे, नाहीतर विक्री होऊन उरलेली रक्कम त्यांना मिळते. घराच्या किमतीहून कर्ज वाढले तरी वारसांकडे मागता येत नाही. शिवाय 2008 पासून या पैशावर प्राप्तिकर नाही.

मग लोक पुढे का येत नाहीत? मला वाटते, घर मुलासाठी राखायचे असते, मुलगा विचारो न विचारो. अण्णांचा मुलगा परगावी आहे. त्याला विचारायला ते बिचकतात. घर आपले आणि परवानगी मुलाची, हे मला पटत नाही. पण माझे वडीलही असेच वागतील हेही मला ठाऊक आहे.

नियम वाचता वाचता एका कलमाशी मी अडखळलो. घराचा काही भाग जरी भाड्याने दिला, तरी बँक कर्ज परत मागू शकते. हा लेख मी त्याच भागात बसून लिहितो आहे.

दोन दिवस गप्प राहिलो, मग अण्णांना सांगितले. आजी पटकन म्हणाल्या, "मग पोरानं जायचं कुठं?" अण्णांनी माझा हिशेबाचा कागद घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला. "तुझी परीक्षा होऊ दे, मग बघू," एवढेच बोलले.

वसतिगृहाचा अर्ज मी आणून ठेवला आहे. त्यांना अजून दाखवलेला नाही.