देवरहाटीतल्या वाटेबद्दल कुणाला विचारायचं?

प्रश्न : आमच्या गावच्या देवरहाटीत मुलांसाठी निसर्गवाट करायचं घाटतंय. नकाशा तयार आहे. लोकांच्या सूचनांसाठी शाळेत पेटी ठेवली, तर दोनचार चिठ्ठ्या आल्या आणि त्यांतही मागणी बाकड्यांचीच. लोकांना याबद्दल काहीच वाटत नाही का?
– एक शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : वाटतं, पुष्कळ वाटतं. पण वाट कुठून जायची हे ठरून गेलेलं दिसलं, की माणूस बाकड्यांपलीकडे काय सुचवणार? नकाशा काही दिवस बाजूला ठेवा. गुरव, गुराखी, फाटी वेचणाऱ्या बायका यांना सोबत घेऊन राईच्या कडेकडेनं फिरा. पेटीत चिठ्ठी टाकायला ही माणसं येणार नाहीत, पण चालता चालता बोलतील. पावसात पऱ्या कुठे पात्र सोडतो, आग्यामोहोळ कुठल्या झाडाला बसतं, धनेशाची जोडी कुठल्या ढोलीत येते, हे त्यांनाच ठाऊक असतं.

धनेशाचं जरा सविस्तर सांगतो, कारण वाटेची दिशा त्यावरून ठरायला हवी. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून घेते. उरलेल्या फटीतून नर तिला आणि पुढे पिल्लांना भरवतो. कोकणात हा काळ साधारण फेब्रुवारी ते मे, म्हणजे मुलांच्या सुट्टीलाही येऊन भिडणारा. झाडाखाली माणसांचा गलका असेल तर नर घास घेऊन यायला बिचकतो. त्यामुळे वाट त्या झाडापासून लांबून न्या, नाहीतर ते महिने बंद ठेवा.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा, म्हणजे तुमच्याकडच्या देवरहाटींसारख्या राखीव रायांचा, अभ्यास केला. या राया टिकल्या त्या गावांनी पाळलेल्या बंधनांमुळे, हे त्यातून ठळकपणे पुढे आलं. म्हणून ‘काय दाखवायचं?’ याआधी ‘कुठे जायचं नाही?’ हे विचारा. देवाच्या मूळ स्थानाजवळ पायताणं चालतात का? गावात कौल लावायची रीत असेल, तर मानकऱ्यांना त्यासाठी पुरेसा वेळ द्या. तो उरकून टाकायचा उपचार नव्हे. औषधी मुळ्यांच्या जागा फलकावर मुळीच लिहू नका. झाडांची नावं मात्र गावच्या बोलीत लिहा.

सातबाराही काढून बघा. काही राया देवस्थानच्या नावावर असतात, काही सरकारच्या, काही खाजगी. वनजमीन निघाली तर वनखात्याच्या परवानगीशिवाय कुदळही लावता येणार नाही. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती असायला हवी. तिची लोकजैवविविधता नोंदवही मागून घ्या.

विषय ग्रामसभेत न्याच, पण त्याआधी महिलांच्या सभेत मांडा. नियमित ग्रामसभेआधी ती घ्यावी, असा आपल्या राज्यात कायदाच आहे. भर सभेत गप्प बसणाऱ्या बायका तिथे मोकळेपणी बोलतात. कुठली सूचना घेतली, कुठली नाही आणि का, हे पंचायतीच्या फळ्यावर लावा. एवढं केलंत तर पुढच्या वेळी लोक आपणहून येतील.

पेव्हर ब्लॉक नकोत. राईतली माती पालापाचोळ्यावर जगते. चढापुरती जांभ्याची पाखाडी पुरे. आणि तीही लगेच नको: आधी बांबूच्या खुंट्यांनी वाट आखा, एक पावसाळा जाऊ द्या आणि मग गुराख्यांना पुन्हा बोलावून खुंट्या कुठे हलवायच्या ते विचारा.