डर्बीशायरमधील चार दिवस

इंग्लंडच्या नकाशावर मध्यभागी बोट ठेवले, तर त्याच्या आसपासच डर्बीशायर नावाची काउंटी सापडेल. आपल्याकडे जसा जिल्हा, तशी तिकडे काउंटी. तिच्या दक्षिण भागात नद्या आणि हिरवी कुरणे आहेत. उत्तरेकडे मात्र उघडे डोंगर, काळसर खडक आणि वाऱ्याने झोडपलेले माळ पसरलेले आहेत. सुटीचा दिवस आला की शिदोरी पिशवीत घालून बाहेर पडण्याची इंग्रज माणसाला मोठी हौस! अशा सहलींसाठी डर्बीशायर फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे.

तेथे मी चार दिवस होतो. जाण्यापूर्वी वाटले होते, की या प्रदेशात पाहण्यासारखा एक मोठा राजवाडा आहे. तो पाहिला म्हणजे झाले. परतताना मात्र माझ्या मनात राजवाडा नव्हता, एक ओबडधोबड दगड होता. असे का झाले, ते सांगतो.

पहिल्या दिवशी आगगाडीतून चेस्टरफील्ड गाव दिसू लागले, तोच सर्वांच्या माना खिडकीकडे वळल्या. तेथील चर्चचा मनोरा पीळ दिलेल्या दोरासारखा वळलेला आहे आणि त्याचा शेंडा मध्यापासून जवळजवळ 3 मीटर कललेला आहे. सैतान त्यावर येऊन बसला म्हणून तो वाकला, अशी दंतकथा गावात सांगतात. खरी गोष्ट अशी, की त्यासाठी वापरलेले लाकूड ओले होते आणि त्यावर शिशाच्या पत्र्यांचा मोठा भार पडला. तरीही सहाशेहून अधिक वर्षे तो उभा आहे.

तेथून मी चॅट्सवर्थला गेलो. डेव्हनशायरचे ड्यूक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सरदार घराण्याचा हा प्रासाद. चित्रे, पुतळे, सोनेरी नक्षीची दालने यांनी डोळे दिपून जातात. पण मुलांची गर्दी होती ती बागेतील कारंज्यापाशी. रशियाचा सम्राट भेटीला येणार म्हणून 1844 साली जोसेफ पॅक्स्टन या उद्यानप्रमुखाने ते बांधले. त्याची धार 90 मीटरपर्यंत उंच जाऊ शकते. नवल असे, की त्याला कोणताही पंप नाही. मागच्या डोंगरावर तलाव खोदून त्याचे पाणी नळाने खाली आणले आहे. उंचावरून उतरलेल्या पाण्याच्या दाबानेच ही धार आकाशात उसळते. एवढी तयारी झाली, आणि सम्राट आलाच नाही! कारंजे मात्र त्याच्याच नावाने राहिले.

दुसऱ्या दिवशी मी डर्वेंट नदीच्या खोऱ्यातील क्रॉमफर्ड गावी गेलो. तेथे सजावट काही नाही. किल्ल्याच्या तटासारख्या उंच दगडी भिंती आणि त्यांच्या आत एक जुनी गिरणी. रिचर्ड आर्कराइट हा मूळचा न्हावी आणि केसांचे टोप विकणारा. त्याने 1771 साली येथे पाण्याच्या शक्तीवर चालणारी सूतगिरणी उभारली. जवळच्या शिशाच्या खाणीतून वाहत येणारे पाणी कोमट असल्यामुळे कडाक्याच्या थंडीतही गोठत नसे. म्हणून गिरणीची चाके हिवाळ्यातही फिरत, आणि दिवसाच काय, रात्रीसुद्धा फिरत.

ही चाके फिरत ठेवण्यासाठी हात कोणाचे होते? पुष्कळसे हात तुमच्याएवढ्या, किंबहुना तुमच्याहून लहान मुलामुलींचे होते. बारा-बारा तासांची पाळी असे. ठरल्या वेळी दरवाजा बंद होई, आणि ज्याला उशीर झाला त्याची त्या दिवसाची मजुरी बुडे. ओस पडलेल्या त्या अंगणात उभा असताना मला पहाटेच्या अंधारात लगबगीने धावणारी चिमुकली पावले ऐकू आल्यासारखी वाटली.

या गिरणीचा धागा आपल्या देशापर्यंतही येऊन पोहोचतो. अशा यंत्रांवर तयार झालेले स्वस्त सूत आणि कापड एकोणिसाव्या शतकात भारतात येऊ लागले, आणि आपल्याकडील कितीतरी चरखे नि हातमाग थांबले. पुढे 1854 साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची स्थापना केली, आणि कालांतराने कोकणातून व घाटावरून आलेल्या हजारो माणसांचे गिरणगाव तेथे वसले. क्रॉमफर्डच्या गिरणीत आता सूत निघत नाही. युनेस्कोने 2001 साली या खोऱ्यातील गिरण्यांचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला.

तिसऱ्या दिवशी मी किंडर स्काउट या डोंगरावर चढलो. त्याची उंची 636 मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. परंतु माथ्यावरचा वारा असा, की दोन पावले पुढे टाकावीत तर एक पाऊल मागे यावे. पायांखाली काळी, ओलसर, स्पंजासारखी माती होती. या वाटेवर कोणी तिकीट मागत नाही, कोणी अडवीत नाही.

पूर्वी असे नव्हते. हे माळ सरदार-जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेले असत. ग्राउस नावाच्या पक्ष्यांची तेथे शिकार होई, आणि बाहेरच्या माणसाला रखवालदार हुसकावून लावीत. आजूबाजूच्या मँचेस्टर, शेफील्ड या धुराने काळवंडलेल्या शहरांतील कामगारांना रविवारी मोकळी हवा हवी असे. पण डोंगर डोळ्यांसमोर असूनही पायांना बंद होता! अखेर 24 एप्रिल 1932 रोजी शेकडो स्त्रीपुरुष उघडपणे या डोंगरावर चढून गेले. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी बेनी रॉथमन हा अवघा वीस वर्षांचा होता. पाच तरुणांना तुरुंगवास भोगावा लागला. पण लोकांचे मन जागे झाले. 1949 साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि 1951 साली ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान याच डोंगराळ मुलखात स्थापन झाले. या घटनेला सत्तर वर्षे झाली, तेव्हा, 2002 साली, चॅट्सवर्थच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या काळी घडलेल्या त्या अन्यायाबद्दल जाहीरपणे क्षमा मागितली. कारंज्याच्या उंचीपेक्षा त्याची ही नम्रता मला अधिक उंच वाटली.

चौथ्या दिवशी मी ज्या गावी गेलो, त्याचे नाव ईम. डोंगराच्या कुशीत वसलेले हे एक लहानसे गाव. दगडी घरे, दारापुढे फुलझाडे, मधोमध चर्च. येथे काय पाहायचे, असे कोणालाही वाटावे. पण घरांच्या भिंतींवरील पाट्या वाचू लागताच पाऊल जड होते. या घरातील अमुक इतकी माणसे दगावली, असे त्यांवर लिहिलेले आहे.

1665 साली लंडनमध्ये प्लेगने थैमान घातले होते. त्याच वर्षी ईम गावच्या शिंप्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होते, म्हणून शिंप्याच्या मदतनिसाने ते विस्तवापुढे वाळत घातले. थोड्याच दिवसांत तो मरण पावला. मग शेजारी, मग शेजाऱ्यांचे शेजारी! रोग कशाने होतो हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. ज्यांना दुसरीकडे आसरा होता अशी काही श्रीमंत कुटुंबे निघून गेली. हिवाळ्यात साथ थोडी ओसरली. पण 1666 च्या उन्हाळ्यात ती पुन्हा भडकली. गाव सोडून पळावे, असे सर्वांनाच वाटू लागले.

गावात विल्यम मॉम्पेसन नावाचा तरुण धर्मोपदेशक होता. टॉमस स्टॅन्ली हा जुना धर्मोपदेशकही तेथेच होता. धर्मविषयक कायद्याला विरोध केल्यामुळे त्याचे पद गेले होते. दोघांची मते निराळी, पक्ष निराळे. पण संकटाच्या वेळी दोघे एकत्र आले आणि त्यांनी गावकऱ्यांना विनवले, “आपण पळालो तर रोगही आपल्याबरोबर गावोगाव जाईल. आपण येथेच राहू.” अशा आशयाचे ते बोलणे ऐकून गावाने मोठ्या जड मनाने होकार दिला. गावाभोवती एक सीमा ठरली. ती कोणी ओलांडायची नाही. आतून बाहेर नाही, बाहेरून आत नाही.

त्या सीमेवरील एक दगड अजून माळावर आहे. त्याला सहा भोके आहेत. शेजारच्या स्टोनी मिडलटन गावचे लोक अन्न आणून तेथे ठेवीत. ईमचे लोक त्या भोकांत शिर्का ओतून त्यात नाणी टाकीत. शिर्क्यामुळे नाण्याला रोग चिकटून जाणार नाही, अशी त्यांची समजूत. मदत पाठवणाऱ्यांत चॅट्सवर्थचा सरदारही होता. स्वतः मरणाच्या दारात असताना, घेतलेल्या भाकरीचे मोल देणारी आणि त्या पैशाने दुसऱ्याला बाधा होऊ नये म्हणून जपणारी ती माणसे कोण होती? शेतकरी, खाणकामगार, शिंपी, मोलकरणी.

त्या उन्हाळ्यात प्रार्थना चर्चमध्ये न होता उघड्या घळीत होऊ लागली. प्रत्येक कुटुंब दुसऱ्यापासून अंतर राखून उभे राही. एलिझाबेथ हॅन्कॉक नावाच्या बाईने ऑगस्ट महिन्यात आठ दिवसांच्या आत आपला पती आणि सहा मुले यांना स्वतःच्या हातांनी मूठमाती दिली. मॉम्पेसनने आपली मुले आधीच दूर पाठवली होती. पण त्याची पत्नी कॅथरीन त्याच्याजवळ राहिली आणि 25 ऑगस्टला तीही गेली. नोव्हेंबरमध्ये साथ थांबली, तेव्हा सुमारे 260 माणसे मृत्युमुखी पडली होती. परंतु आजूबाजूच्या गावांत रोग पसरला नाही. आजही ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावकरी त्याच घळीत जमून त्यांचे स्मरण करतात.

मी त्या दगडाजवळ बसलो आणि एका भोकात बोट घालून पाहिले. पावसाचे थोडेसे पाणी साचले होते. तेव्हा मला पुणे आठवले. 1896 साली प्लेग मुंबईत आला आणि तेथून पुण्यात. रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने गाठले, आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचा देहान्त झाला. त्याच वर्षी मुंबईत डॉक्टर हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. देश निराळे, काळ निराळा, भाषा निराळी. पण ‘माझ्यामुळे दुसऱ्याला दुःख होऊ नये, माझ्यामुळे दुसरा वाचावा’ हा विचार एकच.

मुलांनो, सहलीला जाल तेव्हा राजवाडे अवश्य पाहा. त्यांतही माणसाची कला आणि बुद्धी असते. पण वाटेत एखादा साधा दगड भेटला, तर क्षणभर थांबा आणि चौकशी करा. राजवाड्याची कथा सांगायला पुष्कळजण असतात. दगडाची कथा मात्र विचारावी लागते.

स्वाध्याय

1. चॅट्सवर्थचे कारंजे पंपावाचून कसे चालते?
2. क्रॉमफर्डच्या गिरणीतील मुलांचे जीवन आणि तुमचे जीवन यांत कोणता फरक आहे?
3. ‘डोंगर डोळ्यांसमोर असूनही पायांना बंद होता’, असे लेखक का म्हणतो?
4. मते निराळी असूनही मॉम्पेसन आणि स्टॅन्ली एकत्र का आले?
5. ईम गावचे रहिवासी असता, तर तुम्ही काय केले असते? प्रामाणिकपणे आठ-दहा ओळी लिहा.
6. वाक्यांत उपयोग करा : थैमान घालणे, डोळे दिपणे, मूठमाती देणे, पाऊल जड होणे.
7. तुमच्या गावातील एखादी जुनी विहीर, पार, वीरगळ किंवा दगड पाहून या. त्याची हकिकत वडीलधाऱ्यांना विचारा आणि वर्गात सांगा.