परिचारक : चिकित्सेचा पाद आणि मनुष्यबळ व्यवस्थापन

निवड, प्रशिक्षण, वेतन, कार्यमूल्यमापन व कर्मचारीकल्याण ही आधुनिक संस्थांतील मनुष्यबळ व्यवस्थापनाची प्रमुख कार्ये होत. हा विषय मोठ्या कारखान्यांचा व कंपन्यांचा, आपल्या चिकित्सालयाशी त्याचा संबंध नाही, असा अनेक वैद्यांचा समज असतो. आमचाही होता.

काही वर्षांपूर्वी आमच्या पंचकर्म केंद्रात एका रुग्णाचा बस्तिक्रम चालू असताना अनुभवी परिचारक काम सोडून गेला. दुसरा कोणी तयार नसल्याने क्रम अर्धवट राहिला. आम्ही त्या परिचारकास कृतघ्न ठरविले. पुढे विचार करता जाणवले की, त्याची साप्ताहिक सुट्टी निश्चित नव्हती, वेतनवाढ आमच्या मर्जीवर होती आणि त्याच्या हाताखाली आम्ही कोणासही शिकविले नव्हते. दोष व्यवस्थेचा, म्हणजेच आमचा होता.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात वैद्य, द्रव्य, परिचारक व रुग्ण असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे परिचारकाचे चार गुण. पंधराव्या, उपकल्पनीय अध्यायात तर रुग्णालयाच्या सिद्धतेत पाचक, स्नान घालणारे, संवाहन करणारे, रुग्णास उठविणारे-निजविणारे व औषधे वाटणारे यांचा पृथक् निर्देश आहे. कामाची ही विभागणी आजच्या व्यवस्थापनास परिचित अशीच आहे.

या गुणांचा व्यवहारात विचार करू. उपचारज्ञता प्रशिक्षणाने येते. दाक्ष्य पाहून निवड करावी व योग्य काम सोपवावे. शौचासाठी स्वच्छ वस्त्रे, पाणी व हात धुण्याची सोय वैद्यानेच पुरवावी. अनुराग मात्र आज्ञेने उत्पन्न होत नाही. न्याय्य वेतन, वेळेवर विश्रांती व सन्मान यांनीच तो टिकतो.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक कर्मासाठी किमान दोन परिचारक तयार ठेवतो, कामे व सुट्ट्या लेखी ठरवितो आणि दर आठवड्यास अर्धा तास त्यांचे म्हणणे ऐकतो. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या केंद्रांनी २०१३ च्या कायद्यानुसार महिलांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही स्थापन करणे आवश्यक आहे.

औषधिद्रव्य जुने झाले की आपण तत्काळ नवे आणवितो. परिचारक खचला, हे मात्र तो निघून गेल्यावरच आपणास कळते. एक पाद दुर्बल ठेवून उरलेल्या तिघांवर चिकित्सेचा भार टाकणे शास्त्रसंमत नव्हे, हे वैद्यबंधू-भगिनींनी ध्यानी घ्यावे.