सागरातील कडा

डोंगराचे कडे आपल्या परिचयाचे आहेत. कड्याच्या टोकाशी उभे राहून खालच्या दरीकडे दृष्टी टाकली, की पाय आपोआप मागे येतात. असेच कडे समुद्राच्या पोटातही असतात. तेथे काठ ओलांडणारा माणूस कोसळत नाही, पाण्यात तरंगत राहतो. म्हणूनच त्याला अधिक सावध राहावे लागते.

मलेशियाच्या साबा राज्याजवळ, सेलेबीस समुद्रात, सिपादान नावाचे एक चिमुकले बेट आहे. त्याला पायी फेरी घालावयास अर्धा तासही पुरतो. वरून पाहणाऱ्याला पांढरी वाळू व हिरवी झाडी एवढेच दिसते. परंतु समुद्रतळापासून सुमारे ६०० मीटर उंच चढत आलेल्या एका पर्वताचे ते शिखर आहे. किनाऱ्यावरून उथळ पाण्यात थोडेसे पुढे गेले, की पायांखालची जमीन एकाएकी संपते. तेथून पुढे केवळ निळाभोर, अथांग सागर!

हा कडा कोणी बांधला? त्याचा पाया एका मृत ज्वालामुखीचा आहे आणि त्यावरील सारे बांधकाम प्रवाळ नावाच्या इवल्याशा जीवांचे आहे. प्रवाळ आपल्या शरीराभोवती चुन्याचे कवच तयार करतात. त्यांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शेवाळी त्यांना अन्न पुरवते आणि ह्या शेवाळीला सूर्यप्रकाश लागतो. मग प्रकाश न पोहोचणाऱ्या खोलीपासून प्रवाळांचे कडे कसे उभे राहतात? अशा बेटांचे कोडे चार्ल्स डार्विन ह्या शास्त्रज्ञाने १८४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उलगडून दाखविले. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचत जाते आणि त्यावरील प्रवाळ प्रकाशाच्या ओढीने वर वर वाढत राहतात. जुन्या पिढ्यांच्या सांगाड्यांवर नव्या पिढ्या आपली घरे बांधतात. हजारो वर्षांच्या ह्या उद्योगातून असे कडे घडतात.

हे वैभव माणसाला जवळून पाहता येऊ लागले, ते स्कूबा ह्या साधनामुळे. १९४३ साली फ्रान्समध्ये नौदलातील अधिकारी जाक कूस्तो व अभियंता एमिल गान्यां ह्या दोघांनी ह्या साधनाचा एक सोयीस्कर प्रकार सिद्ध केला. पाणबुड्याच्या पाठीवरील टाकीत दाबून भरलेली साधी हवाच असते. तिला जोडलेली झडप, ज्या खोलीवर तो असेल तेथील पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा त्याला प्रत्येक श्वासाला पुरविते.

आता कल्पनेने आपण त्या पाणबुड्याबरोबर खाली उतरू. प्रथम लाल रंग नाहीसा होतो, मग नारिंगी, मग पिवळा. शेवटी सारी सृष्टी निळसर होते. परंतु विजेरीचा झोत कड्यावर टाकताच तांबडे स्पंज, जांभळे प्रवाळ आणि जाळीदार समुद्रपंखे झळकू लागतात. बराकुडा माशांचा प्रचंड थवा भोवऱ्यासारखा गरगर फिरत असतो. पोपटमासे आपल्या चोचीने प्रवाळ कुरतडतात, आणि त्याचे पीठ होऊन त्यांच्या पोटातून वाळू बाहेर पडते. कड्याच्या कोनाड्यांत मोठमोठी कासवे निवांत झोपलेली दिसतात.

येथेच खरी कसोटी असते. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. तीस मीटर खोलीवर तो पृष्ठभागावरील दाबाच्या चौपट होतो. जी हवा वर एक तास पुरली असती, ती तेथे पंधरा मिनिटांत संपते. पाणबुड्याच्या रबरी पोशाखातील बुडबुडेही दाबाने आकसतात. त्यामुळे तो जितका खाली जाईल, तितका अधिक वेगाने बुडू लागतो. एरवी समुद्राचा तळ त्याला थांबवितो. कड्यापाशी थांबविणारे काही नसते. पाणी इतके स्वच्छ असते, की आपण किती खोल आलो हे उमगत नाही. सुमारे तीस मीटरच्या पुढे, दाबाखालील नत्रवायूमुळे गुंगी येऊ लागते. जेथे भीती वाटावयास हवी, तेथेच मन निर्धास्त होते. म्हणून नवशिक्यांसाठी अठरा मीटर व अनुभवी हौशी पाणबुड्यांसाठी चाळीस मीटर, अशी मर्यादा घालून दिलेली आहे. मनाला काहीही वाटो, पाणबुडा विश्वास ठेवतो तो मनगटावरील खोलीमापकावर.

सिपादानच्या कड्यात सुमारे वीस मीटर खोलीवर एक गुहा आहे. तिच्या आत, अंधारात, कासवांचे सांगाडे पडलेले आहेत. आपल्यासारखीच कासवालाही फुप्फुसे असतात. श्वासासाठी त्याला वर यावेच लागते. आत शिरलेल्या काही कासवांना परतीची वाट सापडली नाही आणि जन्मभर समुद्रात वावरलेले ते जीव समुद्रातच बुडून मेले. कसलेल्या पोहणाऱ्यालाही समुद्र सवलत देत नाही, हेच ती गुहा सांगते. म्हणून विशेष शिक्षण घेतल्यावाचून व वाटाड्यावाचून तिच्यात शिरणे हे धैर्य नव्हे, अविचार होय.

वर येतानाही घाई चालत नाही. दाबाखाली नत्रवायू रक्तात विरघळलेला असतो. सोड्याची बाटली एकदम उघडली म्हणजे ती कशी फसफसते, हे तुम्ही पाहिले असेल. पाणबुडा भरकन वर आला, तर त्याच्या शरीरातही तसेच बुडबुडे होतात आणि पक्षाघात किंवा मृत्यूही ओढवतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हॉल्डेन ह्यांनी शेळ्यांवर प्रयोग करून, किती खोलीवरून किती सावकाश वर यावे ह्याची कोष्टके १९०८ साली प्रसिद्ध केली. आज पाणबुडा साधारणपणे मिनिटाला नऊ मीटरांहून अधिक वेगाने वर येत नाही आणि पृष्ठभागाखाली पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबतो. श्वास तर तो कधीच रोखून धरीत नाही. कारण दहा मीटरांवर छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट होते. तो एकटा जात नाही. सोबत्याची हवा आपल्या हवेइतकीच जपतो आणि टाकीत पुरेसा साठा आहे तोवरच परत फिरतो.

जी मर्यादा पाणबुडा स्वतःला घालून घेतो, तीच पुढे बेटासाठीही घालावी लागली. पाहुण्यांच्या गर्दीने प्रवाळांना अपाय होऊ लागला, म्हणून २००४ साली सिपादानवरील विश्रामगृहे हलविण्यात आली आणि दररोज पाण्यात उतरणाऱ्यांची संख्याही ठरवून देण्यात आली. हजारो वर्षांत उभे राहिलेले हे बांधकाम एका बेफिकीर लाथेने मोडू शकते.

आणखी खाली जाण्याची ओढ प्रत्येकालाच लागते. ती ओढ मनात असूनही ठरल्या क्षणी जो मागे फिरतो, तोच खरा साहसी. सागराचा कडा पुन्हा पाहण्याचे भाग्य त्यालाच लाभते.

अभ्यास

१. सिपादानसारखी बेटे कशी तयार होतात, ते तुमच्या शब्दांत सांगा.
२. समुद्रातील कड्यापाशी पाणबुड्याने अधिक सावध का राहावे लागते?
३. जन्मभर समुद्रात राहणारी कासवे गुहेत का बुडाली?
४. कारणे द्या : (अ) पाणबुडा सावकाश वर येतो. (आ) तो श्वास रोखून धरीत नाही.
५. ‘मर्यादा ओळखणे हेही धैर्यच आहे’ ह्या विषयावर दहा ओळी लिहा.